संघाचे नाव बदलले तर पाठीराख्याने काय स्वीकारावे आणि कशासाठी अडून बसावे?

प्रश्न : जुना पाठीराखा

ज्या फुटबॉल संघाला मी शाळकरी वयापासून पाठिंबा देत आलो आहे, त्याची मालकी नुकतीच बदलली असून पुढच्या हंगामापासून संघ नव्या नावाने खेळेल, असे मालकांनी जाहीर केले आहे. नव्या नावात त्यांच्या उद्योगसमूहाचे नाव आहे. संघ कोणता हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या एका निर्णयावर वाद घालण्यापेक्षा अशा वेळी मन दोन्हीकडे का ओढले जाते, याविषयी मला आपणा सर्वांशी बोलायचे आहे.

संघ कर्जात होता, खेळाडूंचे मानधन थकले होते आणि नवे मालक आले नसते तर कदाचित संघच उरला नसता, हे मला पूर्णपणे मान्य आहे. त्यांनी पैसा ओतला, प्रशिक्षक आणला, युवा संघ पुन्हा सुरू केला. त्यांच्याविषयी मनात कृतज्ञता आहे आणि ती खोटी नाही. तरीही घोषणा वाचल्यापासून आपले काहीतरी परस्पर विकले गेले, ही भावना जात नाही. आमच्या स्टँडमध्ये दोन टाळ्या, मग तीन अक्षरी नाव, पुन्हा दोन टाळ्या असा घोष चालतो. परवाच्या सराव सामन्यात लोकांनी नवे नाव त्या ठेक्यावर म्हणून पाहिले, पण ते इतके लांब आहे की टाळ्यांची वेळ आली तरी नाव संपलेले नव्हते. काही जण लगेच जुन्या नावावर आले, काही गप्पच झाले, आणि नेहमी एका सुरात उठणारा तो आवाज तिथेच विस्कटला.

माझे दोन प्रश्न आहेत. नवे नाव मनाने न स्वीकारता संघाला पाठिंबा देत राहणे प्रामाणिकपणाचे ठरते का? आणि ज्या संघांची नावे पूर्वी बदलली, त्यांच्या पाठीराख्यांच्या मनातली ही ओढाताण पुढे मिटली का, आणि मिटली असेल तर कशामुळे?

उत्तर : मैदानाच्या काठावरून

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते निःसंशय ‘हो’ असे आहे, आणि त्यासाठी कोलकात्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबचे उदाहरण पुरेसे आहे. १८८९ साली स्थापन झालेल्या आणि १९११ साली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकणाऱ्या या क्लबच्या फुटबॉल संघाचे २०२० मध्ये एटीके या फ्रँचायझीबरोबर विलीनीकरण झाले. नव्या कंपनीत ८० टक्के हिस्सा एटीकेच्या मालक उद्योगसमूहाकडे गेला आणि संघ ‘एटीके मोहन बागान’ या नावाने खेळू लागला. हिरवा आणि मरून हे रंग राहिले, बोधचिन्हातली शिडाची होडीही राहिली. मात्र ज्या फ्रँचायझीला कालपर्यंत प्रतिस्पर्धी मानले, तिचे नाव आपल्या नावाच्या आधी लागलेले पाठीराख्यांना सहन झाले नाही. ते नाव काढून टाकावे, ही मागणी त्यांनी सतत लावून धरली आणि ती मागणी करतानाच ते संघाला पाठिंबाही देत राहिले. मार्च २०२३ मध्ये गोव्यात बेंगळुरूला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून संघाने इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवले, त्याच रात्री मालकांनी ‘एटीके’ हे नाव वगळण्याची घोषणा केली आणि संघ ‘मोहन बागान सुपर जायंट’ झाला. मालकाच्या समूहाची खूण त्याही नावात आहेच (‘सुपर जायंट’ हे शब्द त्यांच्या लखनऊच्या आयपीएल संघाच्या नावातलेच), म्हणजे पाठीराख्यांना हवे होते ते सगळे मिळाले असे म्हणता येणार नाही. पण निष्ठा आणि विरोध ही दोन्ही कामे तेच लोक एकाच वेळी करत होते, आणि त्यात मला कोणताही अप्रामाणिकपणा दिसत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रियातले साल्झबर्ग आहे. तिथे २००५ मध्ये एका पेय कंपनीने ऑस्ट्रिया साल्झबर्ग हा १९३३ सालचा क्लब विकत घेतला, नाव बदलले आणि जांभळा-पांढरा हा पारंपरिक रंगही बदलला. ज्यांना हे मान्य झाले नाही त्यांनी जुन्या नावाचा आणि जुन्या रंगांचा स्वतःचा क्लब काढला आणि तो सर्वांत खालच्या स्तरापासून खेळवायला सुरुवात केली. मूळ क्लब पुढे ऑस्ट्रियातला सर्वांत यशस्वी संघ ठरला. त्यामुळे बाहेर पडलेल्यांनी एक मोठे सुख जाणूनबुजून सोडले, हे मान्य करावे लागेल, आणि म्हणूनच मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. जे मूळ संघाबरोबर राहिले, त्यांनाही मी निष्ठाहीन म्हणणार नाही.

आपली परिस्थिती मात्र इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणाऱ्या वेल्समधल्या कार्डिफ सिटी या क्लबच्या जवळची वाटते. तिथे नावाला हात लागला नाही, पण २०१२ मध्ये मलेशियन मालकांनी निळी जर्सी लाल केली आणि बोधचिन्हातल्या निळ्या पक्ष्यावर ड्रॅगनला बसवले. संघावर कर्ज होते, मालक गुंतवणूक करत होते, आणि पुष्कळ पाठीराख्यांनी गुंतवणुकीची किंमत म्हणून लाल रंग जड मनाने मान्य केला. पुढच्याच वर्षी संघ ५० हून अधिक वर्षांनी इंग्लंडच्या सर्वोच्च स्तरावर पोहोचला. ज्याची आयुष्यभर वाट पाहिली तो क्षण आला आणि तो नको असलेल्या रंगात आला. २०१४ मध्ये संघ पुन्हा खालच्या स्तरावर घसरला, पाठीराख्यांचा विरोध चालूच राहिला, आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला. यावरून मला एवढेच म्हणायचे आहे की यशामुळे ही ओढाताण आपोआप मिटेल, असे आपण गृहीत धरू नये. ती दबते, आणि संघ हरू लागला की पुन्हा वर येते.

उत्तर : वरच्या गॅलरीतून

वरील उत्तरातली माहिती मोलाची आहे, पण त्यात नाव बदलणे म्हणजे प्रत्येक वेळी पाठीराख्यांवरचा अन्याय, असा एक सूर आहे आणि तो मला मान्य नाही. नाव कोणत्या कारणासाठी बदलले, हे आधी पाहिले पाहिजे.

वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे १९३३ पासूनचे नाव हे तिथल्या मूळ रहिवाशांसाठी वापरला जाणारा अपमानकारक शब्द होते. त्या समाजातील लोकांनी अनेक दशके आक्षेप घेतले, न्यायालयात लढे दिले, आणि नाव कधीही बदलणार नाही, असे मालकांनी २०१३ मध्ये ठणकावून सांगितले. जुलै २०२० मध्ये ज्या कंपनीचे नाव स्टेडियमला होते तिनेच बदलाची मागणी केली, तेव्हा काही दिवसांतच ते नाव मागे घेतले गेले. संघ दोन हंगाम नुसता ‘वॉशिंग्टन फुटबॉल टीम’ म्हणून खेळला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘कमांडर्स’ झाला. क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघानेही १९१५ पासूनचे नाव २०२१ च्या हंगामानंतर सोडले आणि ‘गार्डियन्स’ हे नाव घेतले. ते नाव शहरातल्या एका पुलावरील भव्य दगडी पुतळ्यांवरून घेतलेले आहे, त्यामुळे त्यात निदान गावाशी एक नाते तरी आहे.

या दोन्ही ठिकाणी असंख्य पाठीराखे दुखावले गेले. आजोबांबरोबर पाहिलेले सामने, घरात जपलेल्या टोप्या, विजयाच्या रात्री, हे सगळे त्यांच्यासाठी त्या जुन्या नावाशी जोडलेले होते. त्यांच्या आठवणींत कोणाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता, हे मी मनापासून मानते. तरीही स्टेडियममध्ये हजारो लोक जे नाव आनंदाने ओरडतात, तेच नाव ऐकून दुसऱ्या कोणाला आपल्या पूर्वजांची हेटाळणी आठवत असेल, तर आपला आनंद आधी येत नाही. अशा वेळी पाठीराख्याने दुःख जरूर करावे, पण बदलाला विरोध करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मला दुसरीच गोष्ट खटकते. इतकी वर्षे माणसे सांगत होती तेव्हा जे पटले नाही, ते प्रायोजकाने सांगितल्याबरोबर पटले. योग्य निर्णयसुद्धा अशा रीतीने झाला की पाठीराख्याला त्याचा अभिमान वाटणे कठीण होते.

आपल्या संघाच्या बाबतीत जुन्या नावाने कोणाचे काही बिघडत नव्हते, असे आपल्या लेखनावरून दिसते. तेव्हा आपली हरकत मला रास्त वाटते. पण ‘जुने आहे म्हणून ते राहिलेच पाहिजे’ हा युक्तिवाद कृपया करू नका, कारण त्याच युक्तिवादाने वॉशिंग्टनचे नाव इतकी वर्षे टिकवले गेले.

जुना पाठीराखा :

आपण दोघांनीही इतक्या विस्ताराने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. जुने म्हणजे चांगले, असे मला म्हणायचे नव्हते, आणि कारण पाहावे हा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. आपली उत्तरे वाचताना माझे दुःख नेमके कशाचे आहे तेही थोडे स्पष्ट झाले. नव्या नावापेक्षाही, ते ठरवताना आम्हाला कोणी एका शब्दानेही विचारले नाही, हे मला अधिक लागले आहे. शिवाय एक भीती आहे. नव्या मालकांनी प्रसिद्ध केलेल्या पत्रकात ‘नव्या युगाचा प्रारंभ’ असे शब्द आहेत, पण क्लबच्या स्थापनेच्या वर्षाचा कुठेही उल्लेख नाही. जुने चषक, जुने विक्रम, जुने खेळाडू यांचे पुढे काय होते?

उत्तर : धावफलक

आपली भीती अगदी योग्य ठिकाणी आहे. नाव बदलूनही संघ तोच राहिला की नाही, हे माझ्या मते इतिहास कोणाच्या खात्यावर लिहिला जातो यावरून ठरते.

रणजी करंडकात बॉम्बे या नावाने खेळणारा संघ १९९० च्या दशकात शहराच्या नावाबरोबर मुंबई झाला. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात सलग १५ वेळा मिळवलेले विजेतेपद जुन्या नावाखालचे आहे आणि मार्च २०२४ मध्ये विदर्भाला हरवून मिळवलेले ४२ वे विजेतेपद नव्या नावाखालचे आहे, पण ही सगळी एकाच संघाची म्हणून एका रांगेत मोजली जातात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. शहर स्वतःच नवे नाव वापरू लागले होते, संघ त्याच्या मागोमाग गेला. बेंगळुरूच्या आयपीएल संघाने २०२४ मध्ये नावातले बेंगलोर बदलून बेंगळुरू केले, तेव्हाही फारसा वाद झाला नाही, कारण बदल लोकांच्या बोलण्याच्या दिशेनेच होता आणि आरसीबी ही तीन अक्षरे जशीच्या तशी राहिली.

याउलट अमेरिकेतल्या शार्लट शहराचा बास्केटबॉल संघ २००२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला गेला तो ‘हॉर्नेट्स’ हे नाव घेऊनच. शार्लटला २००४ मध्ये ‘बॉबकॅट्स’ हा नवा संघ मिळाला, पण जुन्या नावाची ओढ तिथे कायम राहिली. २०१३ मध्ये न्यू ऑर्लिन्सने ‘पेलिकन्स’ हे नाव घेतले, तेव्हा मोकळे झालेले ‘हॉर्नेट्स’ हे नाव शार्लटने २०१४ मध्ये परत मिळवले, आणि त्याबरोबर १९८८ ते २००२ या काळातले विक्रमही लीगने शार्लटच्या खात्यावर जमा केले. म्हणजे विक्रम कोणत्या संघाच्या नावावर राहतील हे कागदोपत्री ठरवता येते, आणि म्हणूनच त्याविषयी स्पष्ट मागणी करता येते.

नाव बदलले की नशीब बदलते, या समजुतीबद्दलही थोडे लिहितो. दिल्लीचा आयपीएल संघ २०१९ पासून ‘कॅपिटल्स’ या नावाने खेळू लागला, त्याच वर्षी प्लेऑफमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये अंतिम सामना खेळला. पण त्याच काळात मालकीची रचना बदलली होती आणि संघात तरुण फलंदाजांची चांगली फळी तयार झाली होती. पंजाबच्या संघानेही २०२१ मध्ये नाव बदलले, मात्र पुढचे काही हंगाम त्यांना प्लेऑफ गाठता आले नाहीत. तेव्हा ‘नव्या नावाने यश येईल’ असे कोणी सांगितले, तर ते मनावर घेऊ नका.

उत्तर : सभासद क्रमांक नसलेला

कृतीच्या दृष्टीने थोडे सांगतो. इंग्लंडमधल्या हल सिटीच्या मालकांना १९०४ पासूनचे नाव बदलून ‘हल टायगर्स’ करायचे होते. पाठीराख्यांनी नुसती निदर्शने करून भागवले नाही, तर नावबदलाला फुटबॉल असोसिएशनची परवानगी लागते हा नियम शोधून तिथे आपली बाजू मांडली. असोसिएशनने २०१४ मध्ये अर्ज फेटाळला. मालकांनी दाद मागितल्यावर तो निर्णय प्रक्रियेच्या कारणावरून रद्द झाला, तरी २०१५ मध्ये असोसिएशनने पुन्हा नकारच दिला आणि हल सिटी हे नाव आजही कायम आहे. या मालकांनीही क्लबला आर्थिक संकटातून बाहेर काढले होते, आणि ते उपकार मान्य करूनच पाठीराखे नावासाठी लढले.

आपल्या संघाचे नवे नाव अजून पुढच्या हंगामापासून लागू व्हायचे आहे, म्हणजे लीगकडे त्याची नोंदणी कोणत्या टप्प्यावर आहे, हे आधी विचारून घ्या. नोंदणी व्हायची असेल तर लीगला आणि संघटनेला पाठीराख्यांच्या सह्यांचे निवेदन द्या, आणि ज्यांना नवे नाव चालणार आहे त्यांनाही त्यात सामील करून घ्या, कारण इतिहास जपण्याच्या मागणीवर त्यांचे आपले एकमत होऊ शकते. नोंदणी झालेली असेल तर बोधचिन्हावर स्थापनेचे वर्ष, सर्व विक्रमांचे सातत्य आणि पुढच्या कोणत्याही बदलाआधी पाठीराख्यांशी चर्चा, या तीन गोष्टी मालकांकडून लेखी मागा. घोष कोणत्या नावाचा करायचा, ते ठरवायला मात्र आपल्याला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.