मदत हवी आहे : नव्या हंगामासाठी संघ बांधायचा आहे, पण गोलरक्षक आणि बचावफळीच उरलेली नाही

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावातल्या फुटबॉल मंडळाचा सचिव आहे. सचिव हा शब्द भारदस्त वाटत असला, तरी वर्गणी गोळा करणे, चेंडूत हवा भरणे, मैदानाच्या आखणीसाठी चुना आणणे आणि हंगामाच्या तोंडावर कोण खेळणार, कोण नाही याची वही लिहिणे एवढीच माझी कामे आहेत. यंदा ती वही लिहितानाच मी अडलो आहे, म्हणून येथील जाणकारांचा सल्ला मागतो.

मागच्या हंगामात आमच्याकडे १९ खेळाडू होते : एक गोलरक्षक, सहा बचावपटू, सहा मधल्या फळीतले आणि सहा आघाडीचे. पोळा झाला, की आम्ही वही उघडतो, कारण तोवर निंदण-डवरणीची घाई ओसरलेली असते आणि सोयाबीनच्या सोंगणीला अवकाश असतो. यंदा वही उघडताच सात नावांवर रेघ मारावी लागली. गोलरक्षकाला बुटीबोरीच्या एका कारखान्यात पाळीचे काम लागले. मधल्या फळीतले दोघे शिक्षणासाठी पुण्याला गेले. उजव्या बाजूचा बचाव सांभाळणारे आमचे कर्णधार ३७ वर्षांचे झाले असून त्यांच्या गुडघ्याने आता जाहीर नकार दिला आहे. उरलेले तिघे, म्हणजे मधले दोन्ही बचावपटू आणि डावीकडचा एक, पोलीस भरतीच्या तयारीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी राहायला गेले. भरतीच्या मैदानी चाचणीचे ५० गुण १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक या तिन्हींवर असतात. त्यामुळे फुटबॉलला पाय लावायचा नाही अशी ताकीद त्यांना तिथल्या प्रशिक्षकांनी दिली आहे, आणि घोटा मुरगळला तर पोराचे वर्ष वाया जाते हे आम्हालाही कळते. भरतीला १६५ सेंटिमीटर उंची लागते, मधल्या बचावालाही उंच गडी लागतात, तेव्हा एकाच भरतीने आमची अर्धी बचावफळी नेली, याचे नवल वाटायला नको.

म्हणजे हाती उरले १२ खेळाडू : दोन बचावपटू, चार मधल्या फळीतले आणि सहाच्या सहा आघाडीचे. शाळेच्या संघातून पाच नवी मुले येत आहेत. त्यांना विचारले तर चौघांना आघाडीलाच खेळायचे आहे. मोबाइलवर सामने पाहणाऱ्या पिढीला बचावपटू दिसतच नाही, अशी माझी खासगी तक्रार आहे, पण ती येथे लांबवत नाही.

पाचवा मुलगा १६ वर्षांचा आहे. सरावाच्या दुसऱ्या दिवशी गोलमध्ये कोण उभे राहणार, असे मी विचारले तेव्हा सगळ्यांनी बुटांच्या नाड्या तपासायला घेतल्या. हा मात्र पुढे आला आणि म्हणाला, "दादा, मी रायतो उभा गोलमंदी, पन गोल झाला त मले बोलू नोका." जुन्या गोलरक्षकाने जाताना आपले हातमोजे मंडळाला दिले होते, त्यातल्या उजव्या मोज्याचा तळवा घासून आतला पांढरा स्पंज दिसतो आणि मनगटाचा पट्टा वायरिंगच्या काळ्या चिकटपट्टीने बांधलेला आहे. ते मोजे त्या मुलाला दोन बोटे मोठे होतात. त्याची उंची जेमतेम पाच फूट चार इंच आहे, आडवा खांब आठ फुटांवर असतो, आणि त्याने मारलेली गोल-किक, म्हणजे गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणारी किक, मैदानाच्या मध्यापर्यंतही पोहोचत नाही. मात्र चेंडू अंगावर येताना तो डोळे मिटत नाही, हे मी सलग चार दिवस मुद्दाम पाहिले आहे.

आता अडचण सांगतो. मंडळातल्या काही ज्येष्ठांचे म्हणणे असे, की नागपूरच्या एका क्लबकडून खेळणारा ओळखीचा गोलरक्षक आणावा. तो एका सामन्याचे १,५०० रुपये आणि प्रवासखर्च मागतो. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या स्पर्धांपासून २६ जानेवारीच्या सुमारास आमच्या भागात भरणाऱ्या खुल्या स्पर्धेपर्यंत आठ सामने जरी धरले, तरी त्याच्या मानधनालाच १२,००० रुपये लागतील. यंदाची एकूण वर्गणी २३,४०० रुपये आहे आणि त्यातूनच चेंडू, जर्सी आणि गाडीभाडे भागवायचे आहे. मागच्या वर्षी उपान्त्य सामन्यात समोरच्या संघाने चार बाहेरचे खेळाडू उतरवले आणि आम्ही तीन गोलने हरलो. ती सल ज्येष्ठांच्या मनात आहे आणि ती मी समजू शकतो. पण १६ वर्षांच्या पोराने स्वतःहून मागितलेली जागा भाड्याने दुसऱ्याला द्यायची, हे माझ्या मनाला पटत नाही.

तेव्हा बाहेरचा गोलरक्षक आणणे नियमांत बसते का आणि हिताचे आहे का, हे कृपया सांगावे. तसेच आघाडीच्या सहांपैकी कोणाला मागे खेचावे, हे ओळखायचे कसे, आणि भरतीला गेलेल्या तिघांची नावे वहीत ठेवावीत की खोडावीत, यावरही मार्गदर्शन हवे आहे.

प्रतिसाद, कामठीहून :

मी अनेक वर्षे गोलमध्ये उभा राहिलो आहे, म्हणून आधी त्या मुलाबद्दल लिहितो. डोळे न मिटणे ही गोष्ट शिकवता येत नाही. बाकीचे बरेचसे शिकवता येते. उंचीची चिंता आपण करता ती खोटी नाही, परंतु गोल २.४४ मीटर उंच असला तरी ७.३२ मीटर रुंद असतो, आणि आपल्याकडच्या मैदानांवर माझ्या अनुभवाने बहुतेक गोल जमिनीलगत होतात. त्याला रेषेवर खिळवून ठेवू नका. चेंडू घेऊन येणाऱ्या गड्याकडे तीन-चार पावले पुढे जाऊन उभे राहिले, की त्या गड्याला गोल अरुंद दिसू लागतो. हे एकदा त्याला चेंडूच्या जागी उभे करून दाखवा, म्हणजे पुन्हा सांगावे लागणार नाही.

गोल-किक लांब जात नाही, याची काळजी तर सोडूनच द्या. ती गोलरक्षकानेच मारली पाहिजे असा नियम नाही, कोणीही मारू शकतो. शिवाय २०१९ पासून ती पेनल्टी क्षेत्राच्या, म्हणजे गोलसमोरच्या आखीव चौकटीच्या, बाहेर जाण्याची अट उरलेली नाही : आपलाच बचावपटू क्षेत्राच्या आत चेंडू घेऊ शकतो आणि किक लागेपर्यंत प्रतिस्पर्ध्यांना क्षेत्राबाहेर थांबावे लागते. गावाकडच्या अनेक संघांना हा बदल अजून माहीतच नाही. त्यामुळे पंचांना सामन्याआधी नम्रपणे विचारून घ्यावे. दोन सवयी मात्र आतापासून लावा. आपल्या खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू हातात घ्यायचा नाही. हा नियम १९९२ पासूनचा आहे, पण आघाडीचा खेळाडू बचावाला आला, की घाबरून नेमके तेच करतो. आणि पकडलेला चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचा नाही. २०२५-२६ च्या नियमांनुसार त्याची शिक्षा म्हणून समोरच्या संघाला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून किक, मिळतो आणि बुटक्या गोलरक्षकाला कॉर्नरइतकी जड गोष्ट दुसरी नाही.

आघाडीतून मागे कोणाला आणावे, या प्रश्नाचे उत्तर उंचीत शोधू नका. चेंडू हिरावला गेल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहतो तो आघाडीलाच राहू द्या. शिव्या देत का होईना, पण मागे धावतो, तो आपला बचावपटू. जागा बदलल्याने खेळाडू वाया जातो, असे मानण्याचे कारण नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नेल सिंग हे मुळातले बचावपटू डोक्याला टाके पडलेले असताना प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना आघाडीला खेळवले. दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला आणि भारताने २-१ असे सुवर्णपदक जिंकले. आपल्याला उलट्या दिशेने जायचे आहे, इतकाच फरक.

आणि त्या मुलाला मापाचे मोजे घेऊन द्या. वर्गणीतला पहिला खर्च तोच करा.

प्रतिसाद, वर्ध्याहून :

मी आमच्या क्लबची खेळाडू-नोंदणी पाहतो, तेव्हा फक्त कागदाच्या बाजूने लिहितो. खुल्या गावस्पर्धेत कोणाला उतरवायचे, हे आयोजकांच्या पत्रकावर अवलंबून असते. ते पत्रक आधी मागून घ्यावे. अधिकृत स्पर्धांची गोष्ट वेगळी आहे. तिथे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रणालीत खेळाडूची नोंदणी लागते आणि खेळाडू एका वेळी एकाच क्लबकडे नोंदलेला असू शकतो. नागपूरचा तो गोलरक्षक तिथल्या क्लबकडे नोंदलेला असेल, तर रीतसर बदली केल्याशिवाय त्याला उतरवणे म्हणजे जिंकलेला सामना तक्रारीवरून गमावण्याची तयारी ठेवणे होय. फिफाच्या नियमांप्रमाणे एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते आणि अधिकृत सामने साधारणपणे त्यांपैकी दोनच क्लबांकडून खेळता येतात, त्यामुळे तो स्वतःही विचार करूनच हो म्हणेल. मानधनाचाही मुद्दा आहे. लेखी करार असलेला आणि प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त मोबदला घेणारा खेळाडू व्यावसायिक ठरतो, बाकीचे सारे हौशी. आपण त्याला १,५०० रुपये कशापोटी देणार आहात, हे मंडळाच्या हिशेबात स्पष्ट लिहावे लागेल.

भरतीला गेलेल्या तिघांची नावे खोडू नका. निकालानंतर एखादा परत आला, तर पुन्हा सगळे कागद करत बसावे लागणार नाही. मात्र त्यांना धरून संघ मोजूही नका. सामना सुरू करायला किमान सात खेळाडू लागतात आणि अधिकृत स्पर्धेत पाचपर्यंत बदली खेळाडू उतरवता येतात. त्या हिशेबाने आपले १७ जण संख्येला कमी नाहीत. नव्या पाचही मुलांचे जन्मदाखले आणि पालकांची लेखी संमती दिवाळीच्या आधी घेऊन ठेवा, कारण त्यानंतर कापूस वेचणीत कोणाचेही पालक घरी सापडत नाहीत.

प्रतिसाद, गोंदियाहून :

वरील दोघांशी मी सहमत नाही. वर्गणी देणारा माणूस सलग दोन पराभव पाहिल्यावर पुढच्या वर्षी हात आखडता घेतो, आणि पैसाच नसेल तर त्या मुलाला मोजे तरी कुठून आणणार? खुल्या स्पर्धेपुरता, पत्रकात बसत असेल तर, बाहेरचा गोलरक्षक आणण्यात मला काही गैर वाटत नाही. त्याच्याकडून त्या मुलाला चार दिवस शिकवूनही घेता येईल.

धागालेखक, तीन आठवड्यांनी :

सर्वांचे आभार. कळवायला उशीर झाला, कारण मधले आठ दिवस पावसाने मैदानाची काळी माती इतकी चिकट केली होती, की बुटाला एकेक किलो चिखल लागून पोरे उचलूनच पाय टाकत होती.

मंडळाच्या बैठकीत असे ठरले, की बाहेरचा गोलरक्षक आणायचा नाही. गोंदियाच्या सदस्यांचा मुद्दा मी जसाच्या तसा वाचून दाखवला आणि त्यावर बराच वेळ वादही झाला, पण नोंदणीचा नियम ऐकल्यावर ज्येष्ठ नरमले. मोजे मागवले आहेत. आघाडीतून मागे आणायला मी जो निवडला, तो दोन दिवस रुसून सरावाला आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आमचे जुने कर्णधार त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आले, आता तो येतो. कर्णधारांनी त्याला काय सांगितले, ते दोघेही सांगत नाहीत.

एक प्रश्न मात्र नव्याने उभा राहिला आहे. तो मुलगा फक्त उजवीकडे झेपावतो. गोलसमोरची उजवीकडची जमीन घासून गुळगुळीत झाली आहे आणि डावीकडचे गवत अजून तसेच उभे आहे. डावीकडे मारलेल्या चेंडूला तो नुसता पाय घालतो. कामठीच्या दादांनी याबद्दल काही सुचवावे.

प्रतिसाद, कामठीहून :

डावा खांदा जमिनीला लागण्याची भीती आहे, दुसरे काही नाही. पहिले काही दिवस त्याला उभे करूच नका. दोन्ही गुडघ्यांवर बसवा आणि हाताने चेंडू डावीकडे सरपटत सोडा, म्हणजे पडायचे अंतर वीतभरच राहते. ते जमले की उकिडवे बसवून, मग उभे राहून. खाली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरा; तुमच्या भागात धान नसल्याने ते मिळत नसेल, तर सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, चालेल, पण ते बोचते, म्हणून बारदान्यात भरून घ्या. रोज वीस चेंडू, सगळे डावीकडे, आणि त्या वेळेत उजवीकडे एकही नाही.