शब्दचर्चा : प्रीती, खंडणी, त्याग – उत्तम शुक्रवारच्या पत्रकातले तीन शब्द

कंपोझिटर (सोलापूर)

आमचा छापखाना सोलापूरच्या पूर्व भागात. वडिलांच्या वेळी खिळे जुळवून छपाई व्हायची, आता संगणक आला, पण कामे तीच राहिली : लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, गड्डा जत्रेच्या दिवसांतली हँडबिले. दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये एक छोटे काम ठरलेले असते, उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेचे चार पानी पत्रक. त्या दिवशी चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना चालते. येशूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार एकेक करून वाचतात आणि प्रत्येक उद्गारावर कोणीतरी बोलते. मजकूर घेऊन एक आज्जी येतात. शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखे.

यंदा टाइप करताना मी तीन ठिकाणी हात फिरवला. ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली’ इथे ‘प्रेम केले’ केले, कारण ‘प्रीती’ मला सिनेमातल्या गाण्यासारखी वाटली. ‘आपला जीव खंडणी म्हणून अर्पण करायला’ इथे ‘मोबदला’ घातला. रोज पेपरात खंडणीखोर वाचणाऱ्या माणसाला तो शब्द देवाच्या तोंडी कसा रुचावा? आणि ‘स्वतःला रिक्त केले’ याच्या जागी ‘सर्वस्वाचा त्याग केला’. मला वाटले, मराठी सुधारली.

आज्जींनी प्रूफ वाचले आणि तिन्ही जागी लाल शाईने मूळ शब्द परत लिहिले. मला म्हणाल्या, “बाळा, ऱ्हस्व-दीर्घ तू बघ, त्यात तुझा हात धरणारं कोणी नाही. पण शब्द बदलू नको. त्याग म्हंजे सोडणं. त्यानं कुठं आम्हाला सोडलं?”

त्या गेल्यावर मी बराच वेळ ते प्रूफ समोर धरून बसलो. मी ख्रिस्ती नाही. पण एखाद्या समाजाने शंभर-दोनशे वर्षे उराशी धरलेला शब्द मी पाच मिनिटांत बदलला, याची टोचणी लागली आहे. जाणकारांनी या तीन शब्दांवर लिहावे. मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

भाषावेडी (पुणे)

दादा, ‘प्रीती’पासून सुरुवात करते, कारण तुमचा गैरसमज पुष्कळांचा आहे.

प्रीती आणि प्रेम हे दोन्ही शब्द ‘प्री’ या एकाच धातूचे, अर्थ संतुष्ट करणे, आनंदवणे. प्रिय त्यातलाच. घरच्या पूजेत संकल्प सोडताना ‘परमेश्वरप्रीत्यर्थं’ म्हणतात, तीच ही प्रीती. म्हणजे शब्द सिनेमाच्या कितीतरी आधी देवघरात होता. फरक दिशेचा आहे. संकल्पात माणूस देवाला संतुष्ट करायला निघतो. ख्रिस्ती श्रद्धेत आधी देव निघतो. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात हे स्पष्टच आहे : आपण देवावर प्रीती केली असे नाही, त्याने आपल्यावर केली. माणसाची पात्रता पाहून ती केलेली नाही, हे त्यातले मर्म.

नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, ग्रीकमध्ये लिहिला गेला. ग्रीकमध्ये प्रेमाला अनेक शब्द : ‘एरोस’ ओढीचे प्रेम, ‘फिलिया’ मैत्रीचे, ‘स्तोर्गे’ घरच्या माणसांतले. ख्रिस्ती लेखकांनी देवाच्या प्रेमासाठी ‘अगापे’ उचलला. त्याआधीच्या ग्रीक लेखनात हे नाम फार क्वचित दिसते. वापरून गुळगुळीत न झालेल्या शब्दात नवा अर्थ भरणे सोपे जाते, असे मला वाटते.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा (योहानाने सांगितलेल्या येशूचरित्राचा) शेवटचा, एकविसावा अध्याय काढा. पेत्र या शिष्याने येशूला तीनदा नाकारलेले असते. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी न्याहारी झाल्यावर येशू त्याला तीनदा एकच प्रश्न विचारतो. ग्रीकमध्ये पहिल्या दोन प्रश्नांत ‘अगापे’चे क्रियापद आहे आणि पेत्राच्या उत्तरात ‘फिलिया’चे. तिसऱ्या वेळी येशू स्वतःच खाली उतरून पेत्राचा शब्द वापरतो. या दोन क्रियापदांत योहानाला खरोखर फरक अभिप्रेत होता का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण आपल्या मराठी अनुवादकाने तो जपला. येशू विचारतो, “माझ्यावर प्रीती करतोस काय?” पेत्र म्हणतो, “मी आपणावर प्रेम करतो.” तिसऱ्यांदा प्रश्नच बदलतो : “माझ्यावर प्रेम करतोस काय?” आणि पेत्र दुःखी होतो. ‘लव्ह’ या एकाच शब्दावर भागवणाऱ्या इंग्रजी भाषांतरांत हे दिसतही नाही. तुम्ही सरसकट ‘प्रेम’ केले असते तर पेत्राचे ते अडखळणे मराठीतूनही पुसले गेले असते.

होम मैदान (सोलापूर)

कंपोझिटरभाऊ, आपल्याच गावात राहून ‘प्रीती’ सिनेमातली वाटली? आमचं घर कन्नड बोलणारं. आमच्यात प्रीती हा रोजचा शब्द आहे. आई लेकरावर करते ती प्रीती, शेजारीण वाटीभर आमटी देते तीही प्रीतीनं. कन्नड बायबलमध्ये त्याच वचनात ‘प्रीती’च आहे. तुमच्या शेजारच्या तेलुगू घरात मात्र ‘प्रेम’ म्हणतात, त्यांच्या बायबलातही प्रेमच. तीन भाषांच्या गावात एका शब्दाला तीन दारं असतात, आपण आपल्या दारातून बघतो एवढंच.

मला मात्र दुसरंच सांगायचंय. बलिदान म्हटलं की सोलापूरकराच्या डोळ्यांपुढं आधी चार हुतात्मे येतात. १२ जानेवारी १९३१ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. लहानपणापासून त्यांच्या पुतळ्यांवरून जातोय, पण ‘हुतात्मा’ शब्द फोडून कधी बघितला नव्हता. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं, ज्यानं स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. उर्दूत त्यांनाच शहीद म्हणतात आणि शहीद शब्दाच्या मुळाशी ‘साक्ष’ आहे. श्रद्धेसाठी जीव देणाऱ्या ख्रिस्ती रक्तसाक्ष्यांना ग्रीकमध्ये ‘मार्तुस’ म्हणत, त्याचाही मूळ अर्थ साक्षीदार. एक शब्द आगीतून आला, दोन कोर्टातून.

आता चौथ्या नावाकडं बघा. कुर्बान. अरबी शब्द, अर्पण या अर्थाचा. हिब्रूतला ‘कोर्बान’ त्याचाच सख्खा भाऊ, मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूच्या तोंडी आलेला आहे. केरळचे सुरियानी ख्रिस्ती आपल्या प्रभुभोजनाच्या उपासनेला ‘कुर्बाना’ म्हणतात. आणि या सगळ्यांचं मूळ ‘क-र-ब’, अर्थ जवळ येणे. अरबीतला ‘करीब’ आपण हिंदी-उर्दूत रोज ऐकतो, तोच. कुर्बानी म्हणजे मुळात मारणं नाही, गमावणंही नाही, जवळ नेणं आहे. हे कळलं त्या दिवशी मी मुद्दाम हुतात्मा चौकात जाऊन उभा राहिलो होतो.

वसईकर

आमच्याकडे, कॅथलिकांत, प्रभुभोजनाच्या उपासनेला (मिस्साला) ‘मिस्साबलिदान’ म्हणतात, आणि हा शब्द इतका रुळला आहे की त्यातले ‘बलिदान’ आता ऐकूही येत नाही. (वधस्तंभ आम्ही फारसे म्हणत नाही. ‘क्रूस’ म्हणतो, पोर्तुगीजांकडून आलेला.) मिस्सामध्ये ख्रिस्ताला पुन्हा बळी दिले जाते असा बाहेरच्यांचा समज असतो. तसे नाही. ते बलिदान एकदाच झाले. वेदीवर तेच एक बलिदान आपल्यासमोर उपस्थित होते, अशी चर्चची शिकवण आहे.

‘बळी’ शब्दाची मात्र मला खंत वाटते. मुळात बळी म्हणजे काढून ठेवलेला वाटा. श्राद्धाच्या दिवशी कावळ्याला ठेवतात तो काकबळी, त्यात कुणाचा जीव जात नाही. संस्कृतात राजाला द्यायच्या करालाही बली म्हणत. आज आपण बळी देतो, बळी घेतो, अपघातात बळी जातात, माणूस मोहाला बळी पडतो. यातले एकही क्रियापद ख्रिस्ताला लागत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तो सांगतो की माझा प्राण कोणी माझ्याकडून घेत नाही, मी होऊन देतो. बळी जाणारा असहाय असतो. हा तर देणारा आहे. म्हणून मला ‘अर्पण’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो.

‘खंडणी’बद्दल. ग्रीक शब्द ‘लुत्रोन’, म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला मोजलेली किंमत. मराठीत खंडणे म्हणजे रक्कम ठरवून टाकणे. जमीन खंडाने देतात, त्यातला खंड हाच. खंडणी ही हरलेल्याने भरायची ठरलेली रक्कम. अनुवादकाने तो शब्द घेतला तेव्हा त्याला गुंडगिरीचा वास नव्हता, राजकारणाचा होता. ‘मोबदला’ इथे चालणारच नाही. मोबदल्यात दोन्ही बाजूंना काहीतरी मिळते. इथे कैदी सुटतो आणि किंमत मोजणाऱ्याचा जीव जातो.

पण ही खंडणी भरली कुणाला? या प्रश्नाने मोठमोठे आचार्य झुंजले आहेत. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनने म्हटले, सैतानाला, कारण माणूस त्याच्या ताब्यात होता. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने ते साफ नाकारले. लुटारूला देवाने किंमत मोजायची, आणि तीही स्वतःच्या पुत्राची? त्याला ते लाजिरवाणे वाटले. खंडणी पित्याने मागितली, हेही त्याला पटले नाही. अकराव्या शतकाच्या शेवटी अन्सेल्मने सगळी भाषाच बदलली : पापाने देवाच्या सन्मानाचे ऋण झाले, ते माणसाने फेडायचे पण त्याच्याने फिटेना, म्हणून देव माणूस होऊन फेडतो. मला स्वतःला ग्रेगरीचे नाकारणे जास्त भावते. रूपक एका मर्यादेपर्यंत चालते. खंडणी शब्दाने सुटकेची किंमत किती जबर होती ते कळते, घेणाऱ्याचे नाव त्या शब्दाकडून काढून घ्यायला जाऊ नये.

भाषावेडी (पुणे)

खंडणीवरून, म्हणजे अनुवादकाच्या शब्दनिवडीवरून आठवले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या कामातच होत्या. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशी मराठी त्यांना हवी होती, आणि ज्या संस्कृत शब्दांबरोबर दुसऱ्या तत्त्वज्ञानाचा अर्थ आपोआप येतो त्या शब्दांबाबत त्या फार सावध होत्या. त्यांनी जिथे काम केले ते केडगाव सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावरच आहे. दादा, तुम्ही पुण्याला येताना दर वेळी ते मागे टाकता.

वाटसरू

सगळे मान्य. पण ‘त्याग’ला इतके खाली का पाडता? गीतेच्या अठराव्या अध्यायाची सुरुवातच संन्यास आणि त्याग यांच्या विचाराने होते. आपल्याकडे त्यागाहून मोठा शब्द नाही. आईचा त्याग म्हटले की आपण हात जोडतो. कंपोझिटर यांनी आदरापोटीच तो शब्द घातला असणार.

कंपोझिटर (सोलापूर)

आदरापोटीच घातला होता, वाटसरू. आणि तुमचा मुद्दाच मी काल आज्जींपुढे ठेवला. दुसरे प्रूफ द्यायला त्यांच्या घरी गेलो होतो.

त्या म्हणाल्या, “त्याग मोठाच आहे रे. पण त्यागात माणूस काय सोडलं ते मोजतो. प्रीतीत कोण मिळालं ते बघतो.” मग त्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय काढून एक ओळ दाखवली : ‘प्रीती कधी अंतर देत नाही.’ भाषावेडीताई, तुम्ही लिहाल म्हणून वाट बघत होतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘प्रीती कधी पडत नाही’ असे आहे म्हणे. मराठी अनुवादकाने ‘अंतर देणे’ हा आपला घरगुती वाक्प्रचार घेतला. मरणाच्या दारातली आई मोठ्या लेकाला सांगते, धाकट्याला अंतर देऊ नको, तो. होम मैदानभाऊंचा ‘करीब’ मला त्याच क्षणी आठवला. तिकडे कुर्बानचा अर्थ जवळ नेणे, इकडे प्रीतीचा अर्थ अंतर न देणे. दोन भाषांत ठरवून केल्यासारखे.

‘रिक्त केले’चेही मग कळले. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तो शब्द आहे. त्याने देवपण टाकून दिले असे नाही, तर दासाचे स्वरूप घेऊन माणसांत उतरला. भरलेला हंडा दुसऱ्याच्या घागरीत ओतला तर हंडा रिकामा होतो, पण आपण ‘पाण्याचा त्याग केला’ म्हणत नाही. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या आमच्या गावात हे समजावून सांगावे लागत नाही.

शेवटी त्यांनी पत्रकाचे तिसरे पान उलटले. वरच्या मजकुरातला ‘त्याग’ त्यांनी खोडला होता, पण तो शब्द पत्रकात आधीपासून होता, आणि टाइप करताना तो मला दिसलाच नव्हता. चौथ्या उद्गारात. सात उद्गारांतला बरोबर मधला, तीन अलीकडे, तीन पलीकडे. “एली, एली, लमा सबख्थनी?” आणि खाली त्याचे मराठी : “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?”

आज्जींनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हा शब्द इथंच राहू दे. एकदाच.”

पत्रक आज छापायला घेतले आहे. चारशे प्रती.