जबड्याच्या सांध्याचं एफईएम मॉडेल: दुखऱ्या बाजूलाच स्ट्रेस कमी येतोय, असं कसं?

मॉडेलकार_०७

नमस्कार मंडळी. मी मूळचा मेकॅनिकलचा, आता बायोमेकॅनिक्समध्ये मास्टर्स करतोय आणि प्रोजेक्ट घेतलाय जबड्याच्या सांध्याचा, म्हणजे कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडलं की बोटाखाली जे सरकताना लागतं ते. एफईएम म्हणजे संगणकात त्या भागाचे छोटे छोटे तुकडे पाडून कुठे किती ताण येतो ते काढायचं. टीएमडी (जबड्याच्या सांध्याचा आणि स्नायूंचा विकार) असलेल्या एका पेशंटचं सीबीसीटी (त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) डेंटलच्या सरांकडून मिळालं (ओळख पटेल असं सगळं काढून), उजवी बाजू दुखते, पूर्वी तोंड उघडताना कट्ट आवाज यायचा, आता आवाज बंद झालाय पण तोंड पूर्ण उघडत नाही. स्कॅनमधून खालचा जबडा आणि कवटीतली खोबण सेगमेंट केली (म्हणजे वेगळी आखून घेतली), दोघांच्या मधली चकती म्हणजे डिस्क त्यात दिसतच नाही म्हणून कंडाइल (खालच्या जबड्याचं सांध्यातलं टोक) आणि खोबणीमधली फट भरून डिस्क बनवली. ताठपणा हाडाला १३.७ गिगापास्कल, डिस्कला ४४.१ मेगापास्कल, दोन्ही लिनिअर (बल आणि ताणणं सरळ प्रमाणात), कारण बहुतेक पेपरांत हेच आकडे दिसतात. स्नायूंचं बल दोन्ही बाजूंना सारखं दिलंय.

आता गंमत अशी की व्हॉन मिसेस स्ट्रेस (सगळ्या दिशांचा ताण मिळून काढलेला एक आकडा) डाव्या, म्हणजे न दुखणाऱ्या बाजूला जास्त येतोय. मेश (ते छोटे तुकडे) बारीक केली तरी तेच. सर म्हणतात दुखऱ्या बाजूला जास्त यायला हवा, काहीतरी चुकतंय. दोन गोष्टी विचारायच्यात, एक म्हणजे हे असं का येत असेल, आणि दुसरं, किती मेगापास्कलच्या वर गेलं की डिस्क खराब होते किंवा दुखायला लागतं असा काही ठरलेला आकडा आहे का?

टेट्राहेड्रन

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, असा आकडा नाही. पेपरमध्ये कुणी दिला असेल तर तो त्यांच्या मॉडेलचा आकडा, तुझ्या मॉडेलला लावता येणार नाही, कारण डिस्कचं मटेरियल बदललं की मेगापास्कल कितीही बदलतात. ४४.१ हा आकडा एका पेपरातून दुसऱ्यात उचलला जातो, पण डिस्क म्हणजे रबराचा एकजिनसी तुकडा नाही. तिच्यातले कोलाजन धागे मधल्या पातळ भागात मुख्यतः पुढून मागे जातात आणि कडेने गोल फिरतात, त्यामुळे मधला भाग पुढे-मागे ताणला तर खूप ताठ आणि आडवा ताणला तर बराच सैल. लिनिअर आयसोट्रॉपिकमध्ये (सगळ्या दिशांना सारखंच ताठ) हे सगळं जातं. बीक, कूलस्ट्रा आणि व्हान आइडेन यांचं डिस्कचं त्रिमितीय मॉडेल २००० सालचं आहे, त्यानंतर मूनी-रिव्हलिन (रबरासारखं, सरळ प्रमाणात न ताणणारं मटेरियल), धागे घातलेली, द्रव धरणारी अशी मॉडेल्स येत गेली, ती जरूर बघ.

आता पहिलं. तुझ्या पेशंटची हिस्टरी वाचून मला सर्वात जास्त खटकली ती फट भरून केलेली डिस्क. आधी आवाज, मग आवाज बंद आणि तोंड कमी उघडणं, हे डिस्क पुढे सरकून तिथेच अडकल्याचं नेहमीचं चित्र आहे (नक्की काय ते डॉक्टर सांगतील). तसं असेल तर उजव्या कंडाइलच्या डोक्यावर डिस्क नाहीच, ती पुढे गोळा झालीये आणि हाडांच्या मध्ये आलीये ती डिस्कच्या मागची मऊ ऊती. तू तिथे ४४.१ ची डिस्क घातलीस म्हणजे आजार मॉडेलमधून काढून टाकलास आणि मग त्याचा परिणाम शोधतोयस. एमआरआय मिळव, त्याशिवाय डिस्क कुठे आहे ते कळणार नाही.

आणि उजव्या कंडाइलचा आकार बघ, चपटा झालाय का? झाला असेल तर संपर्काचं क्षेत्रफळ वाढतं, तेवढ्याच बलाला दाब कमी येतो. हाडाने स्वतःला बदलून घेतलं की असं होतं, म्हणजे कमी आकडा हा जुन्या जास्त भाराचा मागे राहिलेला परिणाम पण असू शकतो, त्यावरून आज तिथे सगळं आलबेल आहे असं नाही म्हणता येत.

मुखशल्य_वैद्य

टेट्राहेड्रन यांनी वर्णन बरोबर ओळखलं, आम्ही त्याला क्लोज्ड लॉक म्हणतो, पण निदान तपासणी आणि एमआरआयवरूनच.

मला दुखण्याबद्दल बोलायचंय कारण सरांची अपेक्षा तिथेच अडकलीये असं वाटतं. डिस्क सरकलेली असूनही काहीही त्रास नसलेली माणसं खूप आहेत, लक्षणं नसलेल्या स्वयंसेवकांचे एमआरआय केले तर साधारण तिघांत एकाला डिस्क सरकलेली सापडते. म्हणून २०१४ च्या डीसी-टीएमडी (टीएमडीच्या निदानाच्या) निकषांत दोन अक्ष आहेत, एकावर सांधा आणि स्नायू, दुसऱ्यावर वेदनेची तीव्रता, त्रास, चिंता, नैराश्य वगैरे. बऱ्याच पेशंटचं दुखणं तर सांध्यात नसून मॅसेटर आणि टेम्पोरालिस (गालावरच्या आणि कानशिलावरच्या चावायच्या) स्नायूंत असतं, तिथे डिस्कवरचा स्ट्रेस कितीही अचूक काढला तरी उत्तर सापडणार नाही. तेव्हा स्ट्रेस जास्त तिथे दुखणार हे गृहीतच धरू नका.

दुसरं म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं बल कसं दिलं? उजवीकडे दुखणारा माणूस चावायची बाजू बदलतो, जोरात चावतच नाही. शिवाय एका बाजूच्या दाढेने चावलं की सहसा विरुद्ध बाजूच्या सांध्यावर जास्त भार येतो हे विसरू नका. पेशंट कुठल्या बाजूने चावतो ते विचारलंत का?

मॉडेलकार_०७

धन्यवाद दोघांना, खूप कामाचं मिळालं. कंडाइल खरंच चपटा आहे उजवीकडे, वरच्या पुढच्या बाजूने, मला ते सेगमेंटेशनमुळे वाटलं होतं. चावायची बाजू विचारलेली नाही, विचारतो. पण मग एक शंका, दुखणं कळत नाही, आकड्याला मर्यादा नाही, खरा सांध्यातला दाब जिवंत माणसात मोजता येत नाही, मग हे मॉडेल करायचं कशासाठी? सरांना काय सांगू?

सायनोव्हिया

करायचंच, फक्त त्याला विचारायचा प्रश्न बदलायचा. हा स्ट्रेस किती आहे हे विचारण्यापेक्षा एकच गोष्ट बदलली की स्ट्रेस कुठून कुठे सरकतो ते विचार. तुझ्याच मॉडेलमध्ये उजवीकडे डिस्क जागेवर ठेवून एकदा चालव, मग एमआरआयप्रमाणे सरकवून आणि मध्ये मागची ऊती घालून चालव, बाकी सगळं तेच. सारागोसाच्या पेरेस देल पालोमार आणि दोब्लारे यांनी सरकलेल्या डिस्कवर काम केलंय ते वाच. आणि मऊ ऊतीत मेगापास्कल कमीच दिसणार, मऊ आहे म्हणून, तिथे स्ट्रेन (ती किती दबली-ताणली ते) बघ. त्या ऊतीत रक्तवाहिन्या आणि नसा भरपूर असतात, डिस्कच्या मधल्या भागात जवळजवळ नसतातच, म्हणजे निकालाच्या लाल-निळ्या चित्रात जो भाग शांत दिसतो तोच चिरडला जात असेल. तुझ्या उलट्या निकालाचं एक कारण इथे निघू शकतं.

व्हॉन मिसेस हाडापुरतं ठीक आहे, डिस्कसाठी प्रिन्सिपल (मुख्य दिशांचा) आणि शिअर (घसरवणारा) स्ट्रेस तरी वेगवेगळे काढ. आणि वेळ धर. झोपेत दात खाणारा किंवा दिवसभर दात आवळून बसणारा माणूस सांध्यावर फार मोठं नाही पण लांबलेलं बल देतो, सुरुवातीला बराचसा भार डिस्क आणि कूर्चेतलं पाणी दाबाने पेलतं, मग ते हळूहळू बाहेर सरकतं आणि भार घन भागावर येत जातो. लिनिअर स्टॅटिक (वेळ न धरणाऱ्या) रनमध्ये पहिला सेकंद आणि अर्धा तास एकसारखाच दिसणार. घर्षणाचं पण तसंच, एजी तनाका यांच्या गटाने घर्षण वाढवून मॉडेल चालवली तर डिस्कमधला शिअर वाढताना दिसला, तुझा कॉन्टॅक्ट फ्रिक्शनलेस (घर्षण शून्य) असेल तर ही शक्यता आधीच बंद. फेबायो हे एफईएमचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि द्विप्रावस्था (घन भाग अधिक पाणी) मटेरियल त्यात तयार मिळतं.

सरांना कशासाठी याचं उत्तर हवं असेल तर प्रोप्लास्ट-टेफ्लॉनच्या कृत्रिम पत्र्यांची गोष्ट सांग. १९८० च्या दशकात डिस्क काढून तिच्या जागी हे पत्रे बसवले गेले, चावण्याच्या भाराखाली ते झिजले, तुकडे झाले, त्या कणांवर शरीराची प्रतिक्रिया येऊन आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं, आणि १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या एफडीएला (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी संस्था) त्यात उतरावं लागलं. माणसं आयुष्यभराच्या वेदना घेऊन बसली. सांध्यात काही घालायच्या आधी तिथे भार कसा फिरतो ते तपासायलाच हवं आणि ते पेशंटच्या आत मोजता येत नाही म्हणूनच मॉडेल लागतं.

टेट्राहेड्रन

वरच्याशी सहमत, फक्त त्याच्याही आधी एक साधी तपासणी कर. दातापाशी आधार दे (सध्या दिलायस का ते लिहिलं नाहीस), स्नायूंचं बल तेच ठेव आणि चावण्याची जागा दाढेवरून पुढच्या दातांवर ने. चावण्याचं बल कमी व्हायला हवं आणि सांध्यावरचं वाढायला हवं, तरफेच्या हिशोबाने कागदावर पण काढता येतं. तसं आलं नाही तर बाउंडरी कंडिशनमध्ये (मॉडेल कुठे धरलंय आणि बल कुठे दिलंय त्यात) गडबड आहे. आणि लिनिअर टेट (फक्त चार कोपऱ्यांच्या बिंदूंचे तुकडे) वापरत असशील तर डिस्कसाठी सोड, जवळजवळ न दबणाऱ्या मटेरियलला ते खोटं ताठ होतात आणि मेश बारीक करत राहिलास तरी पटकन सुटत नाही, क्वाड्रॅटिक टेट (कडांच्या मध्येही बिंदू असलेले) किंवा हेक्स (विटेच्या आकाराचे) घे.

मुखशल्य_वैद्य

एमआरआय मागवाल तेव्हा तोंड मिटलेलं आणि उघडलेलं असे दोन्ही सीक्वेन्स मागा, आणि काप कंडाइलच्या अक्षाला धरून तिरके घ्यायला सांगा, नाहीतर डिस्क नीट दिसत नाही. कापांची जाडी साधारण २-३ मिलीमीटर असते आणि डिस्कचा मधला भाग त्याहून पातळ, म्हणून कडा कोण आखतंय ते महत्त्वाचं. दोन जणांकडून वेगवेगळ्या आखून घ्या आणि दोन्ही मॉडेल चालवून बघा, फरक मोठा आला तर तो पेपरमध्ये लिहा, आम्हाला वाचताना त्याचाच उपयोग जास्त.

मॉडेलकार_०७

दाताला आधार दिला नव्हता, जबडा मागून फिक्स केला होता. आज पुढच्या दातांची टेस्ट लावतो आणि एमआरआयचं सरांशी बोलतो. उघड्या तोंडाचा सीक्वेन्स मागताना पेशंटला जेवढं उघडतं तेवढंच चालेल ना, की ठरावीक मिलीमीटर लागतात?

मुखशल्य_वैद्य

जेवढं उघडतं तेवढंच, जबरदस्ती नको. किती उघडलं ते मात्र पुढच्या दातांमध्ये मोजून नोंदवा.