मदत हवी आहे: स्नॅपशॉटवरून रेप्लिका सेट परत उभा करायचाय, डेटा 1.4 टीबी आणि लाईन 100 एमबीपीएस

मंडळी, घाईत लिहितोय, चूकभूल सांभाळून घ्या.

आमचं दूध संस्थांसाठीचं सॉफ्टवेअर आहे. गावोगावी सकाळ-संध्याकाळ दूध घालायला लोक येतात, त्यांचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मशिनवरून थेट आमच्याकडं येतं आणि दर दहा दिवसाला बिल निघतं. डेटा मोंगोडीबीत, तीन नोडचा रेप्लिका सेट, म्हणजे तीन सर्व्हरवर त्याच डेटाच्या तीन कॉपी; एक प्राथमिक, त्यावर लिहिलं जातं, बाकीचे सेकंडरी त्याची नक्कल करतात. दोन नोड कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत ऑफिसात आणि तिसरा शहरात राजारामपुरीत, कारण 2019 ला आणि परत 2021 ला पुरात शिरोलीजवळ हायवेच बंद झालता, तेव्हापासून एक कॉपी गावात पाहिजेच असं ठरलं.

काल सकाळी 11:40 ला आमच्यातल्याच एकानं (पोरगं आधीच रडकुंडीला आलंय, त्याला काय बोलू नका) एका संस्थेचा दर बदलायला अपडेटमेनी (एकदम अनेक नोंदी बदलायची कमांड) मारली आणि फिल्टर, म्हणजे कुठल्या नोंदी बदलायच्या ती अट, रिकामा सोडला. झालं. सगळ्या जिल्ह्याचा दर एकच. आणि रेप्लिका इतक्या इमानदार की काही सेकंदात तिन्ही नोडवर तोच घोटाळा.

रोज रात्री 2 ला सेकंडरीवर एलव्हीएम स्नॅपशॉट (लिनक्सवर डिस्कचं त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र) निघतो आणि तो ऑफिसातल्या एनएएसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर) कॉपी होतो, तो शाबूत आहे. मी शहाणपणा करून पहिल्यांदा फक्त दुसऱ्या नोडवर तो रिस्टोर केला, चार तास गेले, नोड चालू केला आणि बघतोय तर तो प्राथमिक नोडकडून ऑपलॉग (झालेल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंदवही) ओढून रात्रीपासूनचं सगळं परत लावून मोकळा, त्या अपडेटसकट! म्हणजे दर परत बिघडलेलेच.

मग तिन्ही बंद केले, पहिल्या नोडवर स्नॅपशॉट टाकला, लोकल डेटाबेस (ज्यात ऑपलॉग आणि जुन्या सेटची माहिती असते) उडवला, नवा सेट इनिशिएट, म्हणजे सुरू केला. तो एकटा चालतोय, ॲप अजून बंद आहे. संस्थांच्या मशिनमध्ये दोन दिवसाच्या दुधाच्या नोंदी ऑफलाइन साठतात म्हणून तेवढा वेळ हाय. आता बाकीचे दोन जोडायचेत. रिकामे करून नुसते ॲड केले तर इनिशियल सिंक होईल, म्हणजे सगळा डेटा पहिल्यापासून लाईनवरनं कॉपी होईल, पण राजारामपुरीची लाईन 100 ची म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, 1.4 टीबीला 31 तास, ते पण लाईन पडली नाही तर, आणि इंडेक्स बांधायचा वेळ वेगळाच. काय करू?

प्रतिसाद 1
क्लाउडवर का नाही टाकत सगळं?

धागाकर्ता
दादा, आत्ता नको. नंतर बोलू की.

प्रतिसाद 2
भावा, पहिली गोष्ट, राजारामपुरीचा नोड पुसलास काय? नसशील तर हात लावू नको. त्याच्या लोकल डेटाबेसमध्ये जुना ऑपलॉग आहे, म्हणजे रात्री 2 ते 11:40 मधलं सकाळचं संकलन त्यातच. तो नोड सेटशिवाय एकटा, वेगळ्या पोर्टवर चालू कर आणि ऑपलॉगचा रात्री 2 च्या थोडं आधीपासूनचा भाग मोंगोडम्पनं (डेटा फाईलीत काढायचं टूल) काढ. ती फाईल छोटी असणार, लाईनवरनं आरामात येईल. मग पहिल्या नोडवर मोंगोरिस्टोर (फाईल परत भरायचं टूल) चालवताना ऑपलॉगरिप्ले (नोंदी परत लावायच्या) आणि ऑपलॉगलिमिट (कुठं थांबायचं) हे पर्याय दे. लिमिटला त्या अपडेटची *पहिली* एन्ट्री दे, कारण अपडेटमेनी ऑपलॉगमध्ये एकच ओळ म्हणून बसत नाही, प्रत्येक डॉक्युमेंटची वेगळी नोंद होते. दिलेला टाइमस्टॅम्प आणि त्यापुढचं सगळं तो सोडून देतो. हे सगळं ॲप उघडायच्या आधी, नाहीतर नवं-जुनं एकात एक मिसळेल.

प्रतिसाद 3
वरचं झालं की दोन नोडसाठी इनिशियल सिंकच्या भानगडीत पडूच नको. पहिला नोड नीट बंद कर, त्याच्या डेटा व्हॉल्यूमचा एलव्हीएम स्नॅपशॉट घे, नोड परत चालू कर, ॲप उघडून टाक. कॉपी त्या स्नॅपशॉटवरून निवांत कर. शिरोलीतल्या दुसऱ्या नोडला गिगाबिट लॅनवरनं साडेतीन-चार तास. राजारामपुरीसाठी सरळ 2 टीबीची यूएसबी डिस्क भर आणि गाडीवर घालून ने. भरायला चार, उतरवायला चार आणि तावडे हॉटेलापासनं कावळा नाक्यापर्यंतच्या ट्रॅफिकला अर्धा तास धर, तरी 31 पेक्षा लई स्वस्त.

या कॉपीत नवा लोकल डेटाबेस पण जातो हे महत्त्वाचं. त्यामुळं नोड उठला की स्नॅपशॉटनंतरचं तेवढंच ऑपलॉगमधून मागून घेईल. फक्त ऑपलॉग तितक्या तासांचा पुरायला पाहिजे, साइझ बघून ठेव. आणि जोडताना दोघांना आधी प्रायॉरिटी 0, वोट 0 दे, म्हणजे प्राथमिक नोड निवडण्यात त्यांचा हात राहणार नाही, सेकंडरी झाले की वाढव.

धागाकर्ता
नाही पुसला! नशीब. एक शंका, स्नॅपशॉटला (तो घेतल्यावर डिस्कवर होणारे बदल सांभाळायला) जागा किती ठेवू? रात्रीच्यासाठी 20 जीबी ठेवतो.

प्रतिसाद 3
रात्री 2 ला दूध कोण घालत नाही म्हणून 20 पुरत असतील. आता नऊ-दहा तास तो उघडा राहणार, त्यात एक संकलन, शिवाय मशिनमधलं साठलेलं सगळं एकदम येऊन आदळणार. जागा भरली की स्नॅपशॉट बाद होतो आणि अर्धी कॉपी वाया. 100 तरी दे, आणि एलव्हीएस कमांडमधला डेटा टक्का (जागा किती भरली ते) बघत बस.

धागाकर्ता (दुसऱ्या दिवशी रात्री)
झालं ओ! ऑपलॉगचा तुकडा पावणेदोन जीबीच निघाला. टाइमस्टॅम्प शोधायलाच तासभर गेला, पण सकाळचं संकलन सगळं आलं, पाच संस्थांचं कागदी रजिस्टरशी ताडून बघितलं. दुसरा नोड कालच सेकंडरी झाला. स्नॅपशॉट 63 टक्क्यापर्यंत भरलेला, 20 जीबीत गेलो असतो कामातनं. डिस्क त्याच पोराला घेऊन जायला लावली, बॅग पोटाशी धरून गेला. राजारामपुरीचा नोड आत्ता जोडला, स्नॅपशॉटनंतरचा जो लॅग (मागं पडलेलं) होता तो दहा मिनिटात उतरला.

राजारामपुरीतला जुना डेटा नव्या डिस्कवर उतरवताना बाजूला तसाच ठेवलाय, जागा अडून बसलीय. उडवू काय आता?

प्रतिसाद 2
दहा दिवसाचं बिल वाटून होऊ दे, मग उडव.