पिंग लागतंय पण साइट उघडत नाही: लिनक्स, व्हर्च्युअल मशीन, आर यांनी अडवल्याचे अनुभव

मुळाकाठ

काल रात्री भाच्याचा फोन आला. लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकलंय, घरी नवीन ब्रॉडबँड घेतलंय. पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतंय का बघायची छोटी हाक) झकास लागतंय, काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात. कॉलेजच्या सर्व्हरला एसएसएच (लांबून लॉगिन) केलं की जोडणी होते आणि पासवर्ड विचारायच्या आधीच सगळं थिजतं. तो सांगत होता आणि मला २००९ सालची आमची कर्वेनगरची खोली आठवली. लक्षणं तंतोतंत हीच.

तेव्हा मी आयआरसीवर (नेटवरच्या लेखी गप्पांची जुनी सोय) विचारलं होतं. कुणी ड्रायव्हर बदलायला सांगत होतं, कुणी डीएनएस, कुणी फायरवॉल बंद करायला. एका अनोळखी माणसानं फक्त विचारलं, "किती बाइटचं पॅकेट पलीकडे पोचतंय?" मग पिंगला 'पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत' असं बजावून त्यानं मला आकार वाढवत न्यायला लावलं. १४६४ गेलं. १४६५ ला उत्तरच नाही. १४६४ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १४९२, आणि तिथेच निदान झालं.

इथरनेटचं पॅकेट १५०० बाइटचं. पीपीपीओई (ब्रॉडबँडला लॉगिन करून जोडायची रीत) त्यातले ८ स्वतःला घेतं, उरतात १४९२. त्याहून मोठं पॅकेट आलं की वाटेतल्या राउटरनं आयसीएमपीनं (नेटवर्कच्या अडचणी कळवायची रीत) उलट निरोप धाडायचा असतो, 'लहान करून पाठव' म्हणून. पण सुरक्षेच्या नावाखाली कुणीतरी हा निरोप अडवलेला असतो, मग पाठवणाऱ्याला काही कळतच नाही आणि तो तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. पिंग एवढंसं असतं म्हणून जातं. एसएसएचमध्ये सुरुवातीलाच दोन्ही बाजू सांकेतिक पद्धतींची लांबलचक यादी पाठवतात, तिथे गाडी अडते. राउटरवर एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराची मर्यादा) १४५२ ला बांधून दिलं की सुटतं. भाच्याचं काल त्यानंच सुटलं.

त्या माणसाचं खरं नाव मला कधी कळलं नाही. २०२१ च्या मे महिन्यात बहुतेक मंडळी फ्रीनोड हे आयआरसीचं नेटवर्क सोडून लिबेरा चॅटवर गेली, त्या गडबडीत त्याचं टोपणनावही हरवलं. त्याचे आभार मानायचे राहिलेत, ते इथे मानतो.

तुमचेही असे अनुभव लिहा. नेटवर्क, व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक), आर (संख्याशास्त्राची संगणकभाषा), काहीही चालेल. फक्त कारण नक्की लिहा. 'परत इन्स्टॉल केलं, चाललं' यावरून पुढच्या माणसाला काही मिळत नाही.

जुना पेंग्विन

वा, मस्त धागा. पीपीपीओई म्हटलं की काटा येतो अंगावर.
आमच्या वेळी तर नेट लागण्याआधीच सगळं अडायचं. पीसीक्वेस्टच्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, ती टाकायची आणि मग मोडेम चालत नाही म्हणून विंडोजमध्ये जाऊन नेटवर शोधायचं, कागदावर लिहून घ्यायचं, परत लिनक्समध्ये यायचं. अर्धे मोडेम विनमोडेम. म्हणजे मोडेमचं अर्धं काम विंडोजचा ड्रायव्हर करणार, कार्डावर तेवढे सुटे भाग नसायचेच. हे कळल्यावर बाहेरचा सिरीयल मोडेम घेतला आणि पहिल्या फटक्यात लागला.

कोयनाकाठची

काका तुमच्याकडे उबुंटू लिनक्सच्या फुकट सीड्या यायच्या का हो? पोस्टानं?

जुना पेंग्विन

हो तर! शिपइट नावाची योजना होती. २०११ मध्ये बंद केलं त्यांनी. आमचा पोस्टमन विचारायचा, परदेशात कोण आहे तुमचं?

शेवंती

नेटवर्कमधलं मला काही कळत नाही पण आरचं लिहिते.
एमएस्सीला सोयाबीनचा प्रयोग होता, आरबीडी (गट पाडून करायच्या प्रयोगाची रचना), ७ ट्रीटमेंट, प्रत्येक ३ वेळा म्हणजे ३ रेप्लिकेशन. स्क्रिप्ट सीनियरकडून आलेली, वर्षानुवर्षं सगळे तीच वापरत होते. चालवली, अनोव्हा टेबल (फरक कशामुळे पडला त्याचा हिशेब) आलं, एरर नाही काही नाही. गाइड मॅडमनी कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, रेप्लिकेशनचा डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम) १ कसा? ३ रेप्लिकेशन म्हणजे २ पाहिजे. आणि एररचा १२ पाहिजे तिथे १३ दिसतोय.
बरोबर होतं त्यांचं. एकूण २०, ट्रीटमेंटचे ६, रेप्लिकेशनचे २, राहिले १२.
आर-हेल्प या मेलिंग लिस्टवर विचारलं. उत्तर एका ओळीचं, आधी डेटाचं स्ट्रक्चर दाखवा. दाखवलं तर रेप्लिकेशनचा रकाना इंटिजर (पूर्णांक). आम्ही १, २, ३ लिहिलं होतं ते आरनं मोजमाप समजून त्यातून सरळ रेषा काढली होती! रेषेला डीएफ एकच लागतो. फॅक्टर (नुसती गटांची नावं) केल्यावर २ आणि १२ आले. सीडी (क्रिटिकल डिफरन्स, फरक लक्षणीय ठरायची मर्यादा) बदलली, दोन ट्रीटमेंटमधला फरक आधी लक्षणीय दिसत होता तो गेला.
मला आजही वाटतं की लाल अक्षरात एरर आली तर ती बरी. न बोलता चुकीचं उत्तर मिळतं त्याची भीती जास्त. त्या स्क्रिप्टवर आधी किती प्रबंध गेले असतील हा विचार डोक्यातून जात नाही.

वऱ्हाडी ठेचा

ताई आमच्याकडं तर उलटं झालतं. उत्पन्नाच्या रकान्यात एका ठिकाणी कोणतरी डॅश मारून ठेवलता. मंग तो अख्खा रकाना फॅक्टर. त्याले परत नंबर करायले गेलो त २३.५ क्विंटलचं झालं ४ आन १८ चं झालं २. लेव्हलचे, म्हंजे गटाच्या यादीतले, नंबर देते बावा तो. आधी अक्षर करा लागते मंग नंबर.
२०२० मध्ये आर ४.० आलं तवापासून टेक्स्टचं आपोआप फॅक्टर होत नाही, मोठं काम केलं त्यायनं.

शेवंती

अगदी. कोणत्या गावचे तुम्ही? अकोल्याकडे आमचे खूप जण आहेत.

वऱ्हाडी ठेचा

मूर्तिजापूर.

माणगंगा

आता माझं ऐका, हे खास मराठीवाल्यांचं दुखणं आहे.
विहिरींच्या पाणीपातळीची माहिती, दोन खात्यांच्या दोन फायली, गावांची नावं देवनागरीत. विंडोजवरच्या आरमध्ये उघडलं की गावाच्या नावाऐवजी टोकदार कंसात युनिकोडचे आकडे, ग च्या जागी ०९१७, क च्या जागी ०९१५. पूर्ण पडदा त्यांनी भरलेला. तेव्हा उपाय म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर) उबुंटू टाकलं आणि तिकडे काम केलं, कारण लिनक्सवर आधीपासून सगळ्या लिप्या चालणारं यूटीएफ-८ आहे. विंडोजवर हे २०२२ मध्ये आर ४.२ ला सुटलं.
पण खरी गंमत पुढे आहे. नावं नीट दिसायला लागली, दोन फायली जोडल्या, तर बहुतेक गावं जुळली आणि काही नाहीत. डोळ्यांना दोन्हीकडे एकच नाव. मोकळ्या जागा काढून झाल्या, नॉर्मलाइझ (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) करून झालं, तरी नाही. न जुळलेली यादी समोर ठेवली आणि तासभर बघत बसले. मग दिसलं, सगळ्यांत 'ऱ्ह' किंवा 'ऱ्य' आहे.
हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत त्याचं स्वतंत्र अक्षर, ०९३१, आणि पुढे हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त, आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. नॉर्मलायझेशन त्या अदृश्य चिन्हाला हात लावत नाही. आरच्या स्ट्रिंगाय पॅकेजनं एक तऱ्हा दुसरीत बदलून घेतली आणि सगळी गावं जुळली.
मी हे इंग्रजीत एका पॅकेजच्या गिटहब पानावर लिहून ठेवलं. नंतर एका नेपाळी मुलानं खाली लिहिलं की त्याच्याकडेही हेच होत होतं. नेपाळीतही तो र आहे ना!

कोयनाकाठची

माणगंगाताई 🙏🙏 हे कुठेतरी जपून ठेवा. आमच्याकडे मतदार यादीवर काम करताना कऱ्हाड तालुका असाच निम्मा गायब झाला होता, कारण आज कळलं.

सातारी कंदी

आम्ही कराडच लिहितो त्यामुळे आमचं कधी अडलं नाही 😄

कोयनाकाठची

तुम्हाला बरं आहे!

नवीनच

सगळे जाणकार दिसताय म्हणून विचारते, विषयाला सोडून असेल तर माफ करा. माझ्याकडे व्हर्च्युअल मशीनमध्ये उबुंटू आहे, त्यात आर. मोठी सीएसव्ही फाइल वाचायला घेतली की काही वेळानं टर्मिनलवर नुसतं 'किल्ड' येतं आणि आर बंद. एरर काहीच नाही. काय करू?

लिफीकाठचा

डब्लिनहून हजेरी. ऑफिसला निघालोय, थोडक्यात लिहितो.
डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) टाकल्यावर माझ्या मशीनवरून विभागाचा एक सर्व्हर दिसेनासा झाला. शेजारच्या टेबलवरून व्यवस्थित दिसायचा. सर्व्हरवाल्यांचं म्हणणं आमच्याकडे सगळं ठीक, आणि ते खरंच होतं. रूट टेबल (कोणतं पॅकेट कुठून जाणार त्याची यादी) पाहिल्यावर कळलं. डॉकर स्वतःसाठी १७२.१७ ने सुरू होणारी अख्खी श्रेणी धरतो आणि त्या सर्व्हरचा पत्ताही १७२.१७ मधलाच. पॅकेट घराबाहेर पडतच नव्हतं. डॉकरच्या सेटिंगमध्ये दुसरी श्रेणी दिली, संपलं.
तेव्हापासून 'फक्त माझ्याकडूनच दिसत नाही' असं कुणी म्हटलं की मी आधी रूट टेबल मागतो.
@नवीनच, मशीनला रॅम किती दिलीय?

मांडवी

लिफीकाठचा, व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टचंही तेच. तो १९२.१६८.१२२ धरतो. व्हर्च्युअल मशीनच्या आत परत लिबव्हर्ट टाकलं की आतलं आणि बाहेरचं नेटवर्क एकच होऊन बसतं.
माझं पण एक. पणजीला खोलीत फक्त वायफाय, केव्हीएमच्या व्हर्च्युअल मशीनला ब्रिज (बाहेरच्या नेटवर्कशी थेट जोड) करून द्यायचा होता. केबलवर लगेच झालेलं, वायफायवर काही केल्या पत्ताच मिळेना. मेलिंग लिस्टवर एकानं नीट समजावलं की वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट ज्या मॅक पत्त्यानं (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) ओळख दिली त्याच पत्त्याच्या फ्रेम घेतो, आतल्या मशीनचा मॅक वेगळा म्हणून फेकून देतो. म्हणजे सेटिंग कितीही बदला, तो रस्ताच नाही. नॅट (बाहेरच्या मशीनच्याच पत्त्यानं जाणं) वापरलं. 'हे होणारच नाही आणि का होणार नाही' एवढं सांगणारं उत्तर किती वेळ वाचवतं!

नवीनच

२ जीबी दिलीय. फाइल साधारण दीड जीबी.

अक्षरगणिती

मुंबईहून. ज्यांना जुने निकाल परत काढायचे असतात त्यांच्यासाठी लिहितो. सहकारी आणि मी, स्क्रिप्ट तीच, सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) तोच, नमुने वेगळे. दोघेही एकमेकांवर संशय घेत होतो. कारण आरची आवृत्ती. २०१९ च्या ३.६ मध्ये नमुने निवडणाऱ्या सँपल फंक्शनची आतली रीत बदलली. आधीच्या राउंडिंगच्या रीतीत मोठ्या संख्यांमधून निवडताना किंचित कल राहायचा, तो काढला. जुने आकडे हवे असतील तर सँपल काइंड राउंडिंग सांगायचं. म्हणून प्रश्न विचारताना सेशन इन्फो (आर आणि पॅकेजांच्या आवृत्त्या) मागतात ते उगाच नाही.

शेवंती

अक्षरगणिती, तुम्हाला विचारते, लेमरमध्ये (आरचं मिश्र मॉडेलचं फंक्शन) पी व्हॅल्यू का येत नाही? आमचे परीक्षक अडून बसतात.

अक्षरगणिती

मुद्दाम देत नाहीत. २००६ च्या मे महिन्यात डग्लस बेट्स यांनी स्वतः आर-हेल्पवर मोठं उत्तर लिहिलं होतं. मिश्र मॉडेलमध्ये, विशेषतः असंतुलित डेटात, छेदाचा डीएफ किती धरायचा हेच स्पष्ट नसतं, मग त्यावरून काढलेला पी छापायचा कसा, असा मुद्दा. ज्यानं पॅकेज लिहिलं तो माणूस बसून अनोळखी लोकांना इतक्या सविस्तर कारण सांगतो याचं मला फार अप्रूप वाटतं. परीक्षकांसाठी लेमरटेस्ट पॅकेज वापरा, त्यात सॅटरथ्वेटच्या अंदाजानं पी मिळतो. कोणती पद्धत ते प्रबंधात लिहा म्हणजे झालं.

जुना पेंग्विन

३० सप्टेंबर २०२१ कुणाला आठवतो का? कोकणातल्या एका छोट्या संस्थेचा सर्व्हर सांभाळतो मी, विनामोबदला. त्या दिवशी डाउनलोड बंद, 'सर्टिफिकेटची मुदत संपली'. ब्राउझरमध्ये तीच साइट हिरवी. घड्याळ तपासलं, बरोबर. लेट्स एन्क्रिप्टच्या (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट त्या दिवशी संपलं होतं. नवा मार्ग उपलब्ध होता पण जुनं ओपनएसएसएल १.०.२ त्या संपलेल्या मुळापर्यंतच जाऊन अडकायचं. ते मूळ विश्वासाच्या यादीतून काढलं की चालू. ब्राउझरची यादी वेगळी म्हणून तिथे दिसत नव्हतं.

सातारी कंदी

काका विनामोबदला करता हे भारी आहे. आमचे बाबा रिटायर झाल्यावर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवरून लिब्रेऑफिस शिकले, मराठीतून. आता सोसायटीचे हिशेब तेच ठेवतात. धाग्याशी संबंध नाही पण सांगावंसं वाटलं.

मुळाकाठ

आहे संबंध. लिहीत राहा. कुकर लावून येतो, मग सगळ्यांना उत्तरं देतो.

लिफीकाठचा

@नवीनच, २ जीबीत ते बसणार नाही. वाचल्यावर मेमरीत फाइल फुगते. कर्नलला (लिनक्सचा गाभा) मेमरी पुरेनाशी झाली की तो सगळ्यात जड प्रोसेस मारतो, आरला एरर लिहायलाही वेळ मिळत नाही. डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालवून शेवटच्या ओळी बघा, तिथे 'आउट ऑफ मेमरी' आणि आरचं नाव दिसायला हवं. तसं असेल तर मशीन बंद करून रॅम वाढवा, पण होस्टला (मूळ संगणकाला) पण ठेवा थोडी.

माणगंगा

आणि सगळे रकाने लागतात का बघा. डेटाटेबल पॅकेजच्या एफरीडमध्ये सिलेक्ट देऊन हवे तेवढेच वाचता येतात.

नवीनच

डीमेसेजमध्ये तेच आलं, आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, पुढे आर. लॅपटॉपला ८ जीबी आहे म्हणून मशीनला ४ दिली, आणि एफरीडनं ४० पैकी ६ रकाने वाचले. उघडली! रॅम न वाढवता नुसते ६ रकाने वाचूनही पाहिलं, २ जीबीतही उघडते. म्हणजे माझ्या बाबतीत रकान्यांनीच काम झालं असतं. माणगंगाताई, लिफीकाठचा, खूप खूप आभार. जेवायला बोलावतायत, येते.