सायकलचा दिवा: तुमचे अनुभव लिहा

काल माळा आवरताना बाबांच्या सायकलचा डायनामो सापडला. खटका दाबला की टायरला चिकटायचा आणि घर्रर्र सुरू. चढावर दिवा मिणमिणा, थांबलं की गुडूप. लेकीला आता संध्याकाळी सायकलने क्लासला जायचंय. हजाराच्या आत कुठला दिवा घ्यावा? किस्सेही चालतील.

—

लुमेनच्या (म्हणजे उजेडाच्या मापाच्या) आकड्याला भुलू नका. खोक्यावर २००० छापलेला साडेतीनशेला आणला, देवघरातल्या समईने जास्त दिसलं असतं. रस्त्यावर दिवे असतील तर खरे २०० पुरे, किर्र अंधार असेल तर ४००.
आणि क्लॅम्प, म्हणजे दिवा हँडलला धरून ठेवणारी पकड, बघा! माझा ३१.८ मिमीचा, जुन्या सायकलच्या हँडलचा दांडा २५.४. दर खड्ड्याला दिवा मान टाकायचा. पंक्चरवाल्याने जुन्या ट्यूबची पट्टी कापून तीन वेढे दिले, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून हललेला नाही.

—

डायनामो म्हणजे ६ व्होल्ट, ३ वॅट. उतारावर जोरात सोडली की बल्ब उडायचा. मग घरी बोलणी.

—

आमच्या कोल्हापुरात बिनदिव्याचं डबलसीट सापडलं की पोलीस हवा सोडायचे. दोघं भाऊ सायकल ढकलत घरी. आई विचारायची, पंक्चर का रे? हो म्हणायचो :)

—

^^ हाहा, आमच्याकडे पण सेम!

—

३०० किमीची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) केली होती, २० तासांची मुदत. दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नसेल तर रात्री चालवूच देत नाहीत. खंबाटकी घाटाच्या आधी बॅटरी बसली. म्हटलं पॉवरबँक आहे की! वायर लावली तर चार्ज होताना दिवा लागेचना. स्वस्तातल्या बऱ्याच दिव्यांचं असंच असतं. दुकानातच वायर लावून बघा. पुढचे १२ किमी एका अनोळखी काकांच्या उजेडात काढले.

—

काकांनी चहा पाजला का? खंबाटकीच्या खाली भजी काय मिळतात राव.

—

भजी नंतर. दिवा जरा खाली झुकवा, लोकहो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत मारता आणि वर लुकलुकता ठेवता, अंतरच कळत नाही. मागचा लाल विसरू नका, ताई, दोनशेत येतो. घाईत आहे, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

—

धन्यवाद मंडळी, ट्यूबची पट्टी नक्की.

—

डायनामो देऊन टाकणार असाल तर मी घेतो. कुठे राहता?

—

उशीर केलात दादा. लेकीने शाळेच्या प्रोजेक्टला पळवला, पलंगाखाली खोलून बसलीय.