मोडाच्या मटकीत 100 ग्रॅमला 23 ग्रॅम प्रोटीन? हिशेब चुकतोय

तोलूनमापून
दादरच्या मंडईतून वाट्यावर मोडाची मटकी आणायची, कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये ‘मटकी 100 ग्रॅम’ टाकायचं आणि 23 ग्रॅम प्रोटीन धरायचं, हे सर्रास चालतं. तो आकडा कोरड्या मटकीचा आहे. भिजून मोड येईपर्यंत वजन दुप्पट-अडीचपट होतं, आणि वाढतं ते पाणी. मोडाच्या 100 ग्रॅममध्ये प्रोटीन 9 ते 11 ग्रॅमच. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे असतील तर मटकीवर भिस्त ठेवू नये. 25 ग्रॅम प्रोटीनला 110 ग्रॅम कोरडी मटकी लागते, म्हणजे पावणेचारशे कॅलरी. तेवढंच 50 ग्रॅम सोया चंक्समध्ये पावणेदोनशे कॅलरीत मिळतं.

परळची भाकरी
आकडे मान्य, निष्कर्ष अजिबात नाही. उसळ नुसती कोण खातं? प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं, त्यांतलं मेथिओनिन मटकीत कमी, लायसिन ज्वारीत कमी. एका ताटात दोन्हींची उणीव भरून निघते. शिवाय चोथ्यामुळे पोट भरलेलं राहतं आणि संध्याकाळी स्टेशनबाहेरचा वडापाव टळतो. घात करतं ते तेल. मोठा चमचाभर तेल म्हणजे 120 कॅलरी, वर 30 ग्रॅम शेव पडली की आणखी दीडशेच्या पुढे.

तोलूनमापून
भाकरीच्या कॅलरीही धरा की! 60 किलोच्या माणसाला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या किलोमागे 0.83 ग्रॅमच्या हिशेबाने दिवसाला 50 ग्रॅम प्रोटीन पुरतं, तिथे उसळ-भाकरी-दही उत्तम. वजनं उचलणारा किलोमागे 1.6 धरतो, म्हणजे 96 ग्रॅम. तिथे हे ताट तोकडं पडतं.

गिरगावचं पातेलं
आधी नीट मोजा तरी. मटकी भिजवण्यापूर्वी तोलायची, रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवायचं. 200 ग्रॅम मटकीची रश्शासकट 800 ग्रॅम उसळ झाली, तर 200 ग्रॅमच्या वाटीत 50 ग्रॅम कोरडी मटकी, सुमारे 11 ग्रॅम प्रोटीन. डाव तळापर्यंत घालून ढवळूनच वाढा, नाहीतर एकाच्या वाटीत दाणे आणि दुसऱ्याच्या वाटीत नुसता रस्सा.
आणि कच्चे मोड खाऊ नका. मुंबईच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, फडक्यात पाणी राहिलं की मटकी बुळबुळीत होते, आंबूस वास येतो. ती सरळ फेकायची. चांगल्या मोडांनाही पाच मिनिटं वाफ द्याच. वर लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा मात्र नको.

परळची भाकरी
96 ग्रॅमवाल्यांनी त्याच उसळीत 30 ग्रॅम चंक्स भिजवून, पिळून टाकावेत. शंभर कॅलरीत 15 ग्रॅम प्रोटीन वाढतं. मटकी कशाला काढता, तेल कमी करा.